माखोझाने कुठे उभं राहावं

१३ एप्रिल १९९४, बुधवार

बोलायला बंदी आहे, लिहायला कुणी बंदी घातलेली नाही. सासूबाईंना अजून सुचलं नसेल, एवढंच. सुचायच्या आत चार पानं भरून घेते.

वही सिझाची आहे. पुढून तिची गणितं, मागून माझं रडगाणं. अकरा वर्षांची पोर, पण 'आई, वही कशाला' असं विचारलं नाही. पेन्सिलला टोक करून दिलं आणि शेळीमागे निघून गेली.

सिझाच्या बाबांना जाऊन अडुसष्ट दिवस झाले. नदीपलीकडच्या बसथांब्यावर गोळी घातली. हातात मतपत्रिकेचे नमुने होते. घरोघर जाऊन लोकांना ते फुली कुठे आणि कशी मारायची ते शिकवायचे. कागद तीन दिवस गवतात उडत होते म्हणे. कुणी मारलं ते कुणालाच ठाऊक नाही. भर दुपारी, एवढ्या माणसांत, आणि कुणालाच नाही.

तेव्हापासून मी काळ्यात. काळा झगा, काळी शाल, काळा रुमाल कपाळापर्यंत. वर्षभर. मोठ्यानं बोलायचं नाही, हसायचं तर नाहीच. कुणाच्या हातात हात द्यायचा नाही. थाळी वेगळी, चटई वेगळी. सूर्य बुडायच्या आत घरात. टॅक्सीत शेवटच्या बाकावर, चर्चमध्ये दाराशी, रस्त्यानं सगळ्यांच्या मागे. सुतकातली बाई, तिची सावली कुणावर पडायला नको. शर्टांच्या कारखान्यात मी आठ वर्षं कॉलर शिवल्या. मुकादमाशी भांडून बायकांसाठी दुसरा संडास बांधून घेतला. ती ही माखोझा आता भिंतीला पाठ लावून बसते. कारखान्याची बस फेब्रुवारीपासून आमच्या टेकडीवर येत नाही, म्हणून तेही संपलं.

दोन आठवड्यांनी मतदान. माझ्या आयुष्यातलं पहिलं, आणि सासूबाईंच्या बहात्तर वर्षांतलंही पहिलंच. गोऱ्यांचं राज्य होतं तोवर आम्हा काळ्यांना कोण विचारतंय? माझं मतदार-पत्र तयार आहे. जानेवारीत सिझाच्या बाबांनीच आम्हा दोघींना रांगेत उभं करून काढायला लावलं होतं.

मी मत देणार. इथे लिहून ठेवते, म्हणजे नंतर पाय मागे घेता येणार नाही.

१६ एप्रिल, शनिवार

सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या. दवाखाना नदीपलीकडे. पुलावर पलीकडच्या, मतदानावर बहिष्कार घातलेल्या पक्षाची पोरं ठाण मांडून बसलेली. आमच्या टेकडीवरचं माणूस दिसलं की अडवतात, झडती घेतात, मनात आलं तर बडवतात. मतदान केंद्रही पलीकडच्याच शाळेत आहे. आमची टेकडी तिथे पोचूच नये, एवढाच त्यांचा धंदा.

मला वाटलं आता मेले. पण कुणी हातसुद्धा लावला नाही. मी दिसले तशी बोलता बोलता गप्प झाली आणि अंग चोरून बाजूला सरली. एकजण पचकन थुंकला. त्यांचा म्होरक्या म्पियाखे, सिझाच्या बाबांबरोबर एका बाकावर बसून शिकलेला. सगळ्यात आधी तोच मागे झाला, पार कठड्याला टेकला आणि मान फिरवली. माणसानं एवढीही ओळख ठेवू नये? महारोगी असल्यासारखी पूल ओलांडून गेले आणि तशीच परत आले.

घरी येऊन सासूबाईंच्या पुढ्यात गोळ्या ठेवल्या.

"पुलावर काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काय व्हायचंय? थुंकले."

"अडवलं?"

"नाही. मी म्हणजे मेलेली घूस. कोण अडवतंय?"

"हं," म्हणाल्या. मग माझ्या चहात तीन चमचे साखर घातली. एरवी दीडच्या वर चमचा जात नाही. साखर गोणपाटात ओली झाली असेल, संपवायची असेल.

१७ एप्रिल, रविवार

चर्चमध्ये दाराशी बसले होते. शेजारीण मासिबिया मुद्दाम मागे येऊन बसली, माझ्यापासून हातभर लांब. हिच्या जिभेला हाड नाही आणि पोटात पाप नाही.

"माखोझा, मत द्यायला येणार ना?"

"येणार."

"रांगेत कुठे उभी राहणार?"

"कुठे म्हणजे? रांगेत."

"अगं, सुतकात आहेस तू. कुणाच्या पुढे कशी उभी राहशील? सगळ्यात शेवटी उभं राहावं लागेल तुला." मग बोटं मोजल्यासारखं करून म्हणाली, "शाळा बंद होणार सातला. सूर्य बुडतो साडेपाचच्या आत. शेवटी उभी राहिलीस तर उजेडात घरी पोचत नाहीस, आणि उजेडात घरी पोचलीस तर मत नाही. झाली का पंचाईत!"

मला हसू आलं. हसायची बंदी, म्हणून शालीत तोंड खुपसलं. पुढच्या बाकावरच्या बाईला वाटलं मी रडतेय. तिनंही डोळे पुसले.

घरी आल्यावर मात्र हसू पळालं. खरंच पंचाईत आहे. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

२० एप्रिल, बुधवार

रेडिओवर काल सांगितलं, पुलावरच्या पोरांचा तो पक्षही शेवटी निवडणुकीत उतरला. छापून झालेल्या कोट्यवधी मतपत्रिकांना खाली त्यांच्या नावाची पट्टी चिकटवणार म्हणे. मासिबिया अंगणात नाचली. "संपलं! भांडण संपलं!"

सासूबाई मक्याची कणसं सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "वर पुढाऱ्यांनी हात मिळवले. पुलावरच्यांना कुणी कळवलंय का?"

म्हातारीला कुणाचा आनंद बघवत नाही. पण आज संध्याकाळी बघितलं तर पूल तसाच. उलट पोरं वाढलीत. कुठलासा वैद्य आणून लढाईचं औषध अंगाला लावून घेतलंय, असं सिझा सांगत होती. शाळेतल्या पोरांना सगळं आधी कळतं.

२३ एप्रिल, शनिवार

आज भांडले. इतके दिवस दाबून ठेवलं होतं, आज वाफ बाहेर आली.

रीत वर्षाची असली तरी घरच्यांनी ठरवलं तर काळं लवकर उतरवता येतं. पलीकडच्या वाडीत मागच्या वर्षी तिसऱ्या महिन्यात उतरवलं, बकरा कापला, बाई मोकळी. मी सासूबाईंसमोर खाली बसले, नजर जमिनीवर ठेवून जमेल तेवढ्या गोड आवाजात म्हणाले, "मा, माझं काळं मतदानाआधी उतरवा. मला रांगेत माणसांसारखं उभं राहायचंय. ज्यासाठी त्यांचा जीव गेला ते तरी करू द्या."

"नाही."

"बकऱ्याचे पैसे मी देते. शिवणाचे साठवलेत."

"बकऱ्याचा प्रश्न नाही. काळं अंगावरून उतरायचं नाही. एक दिवससुद्धा नाही. नदीवर जाताना नाही, विहिरीवर जाताना नाही. ऐकलंस?"

"तुमचा मुलगा होता तसा माझा नवराही होता. मला शिक्षा कसली देताय?"

बोलून गेले. आवाजही चढला होता. त्या उठून आत गेल्या.

आणि पुढची गंमत ऐका. झगा धुऊन धुऊन विटला होता, खांद्यावर तपकिरी पडला होता. दुपारी म्हातारीनं काळा रंग उकळत ठेवला, माझ्याकडून झगा मागून घेतला आणि स्वतः काठीनं ढवळत बसली. शालही बुडवली. कोपरापर्यंत हात काळे झाले. आता झगा पहिल्या दिवसासारखा काळा कुळकुळीत झालाय. नदीपल्याडून दिसेल. सून विधवा आहे हे जगाला ओरडून सांगायची केवढी ती हौस!

मेल्या माणसाच्या आईशी भांडू नये, कळतं मला. पण राग येतो तो येतोच.

२६ एप्रिल, मंगळवार

आज म्हाताऱ्यांचं आणि आजाऱ्यांचं मतदान. टेकडीवरून चर्चची गाडी निघाली, आत नऊ म्हातारी माणसं. पुलावरून परत पाठवली. चालकाला खाली ओढून दात पाडले. सैन्याची जीप सकाळी एकदा येते, धूळ उडवते आणि जाते. ती जायची वाट बघतच पोरं वेळूत बसलेली असतात.

सासूबाई गाडीत बसल्याच नव्हत्या. "मला नको तुमचं मत न् बित," म्हणाल्या. बरं झालं बसल्या नाहीत.

उद्या मी जाणार. सांगून जाणार नाही.

२७ एप्रिल, बुधवार

कुठून सुरुवात करू? पाय सुजलेत, डोकं भणाणलंय.

पहाटे शेळीला चारा घालायचं निमित्त करून निघाले. पूल ओलांडला. पुन्हा तेच. पोरं सरकली, म्पियाखेनं पाठ फिरवली. आमच्या टेकडीवरचे बाकीचे अलीकडच्या काठावर घोळका करून उभे होते, तासाभरानं परत गेले असं नंतर कळलं. म्हणजे आज अख्ख्या टेकडीतून पलीकडे गेले ती मी एकटी.

शाळेसमोर रांग! डोळे पोचत नव्हते तिथवर. शेतमळ्यांवरचे मजूर, पाठीवर पोरं बांधलेल्या बायका, खुर्ची घेऊन आलेले म्हातारे. एका गोऱ्या शेतकऱ्याची बायको तिच्या मोलकरणीमागे उभी, दोघींच्या डोक्यावर एकच छत्री, आणि छत्री धरलीय बाईसाहेबांनी. सिझाच्या बाबांनी हे बघितलं असतं तर तिथेच मांडी घालून बसले असते.

मी शेवटी जाऊन उभी राहिले. सात वाजले होते.

मागून एक म्हातारा आला. माझ्याकडे बघून घुटमळला. टोपी काढून अदबीनं म्हणाला, "माय, दुःख कळतंय तुझं. पण…" मीच बाजूला झाले. तो पुढे उभा राहिला. मग चार बायका आल्या. मी सरकले. मग एक ट्रॅक्टर भरून माणसं आली. मी सरकले. कुणी ढकललं नाही, कुणी वेडंवाकडं बोललं नाही. एकीनं तर लांबून मक्याची आंबट पेज ठेवली माझ्यासाठी, खाली जमिनीवर, आणि हात जोडले. सगळे इतके चांगले वागत होते की भांडायला जागाच नव्हती.

मतपत्रिकाच अकराला आल्या. मग पट्ट्या कमी पडल्या. रांग हलेना, शेपूट मात्र वाढतंय. सकाळी सातला मी शेवटची होते, दुपारी चारलाही मी शेवटची, आणि शाळेचं फाटक सकाळपेक्षा लांब गेलेलं. दिवसभर चालले ते मागे मागेच.

ऊन पिवळं झालं. अजून थांबले असते तर अंधार पडला असता. आठ वर्षं मुकादमाच्या नाकाला नाक लावून भांडले, आणि आज 'मी इथून हलणार नाही' एवढं तोंडातून निघालं नाही. माझीच जीभ, माझेच पाय. कुणावर चिडू?

सासूबाई फाटकाशी उभ्या होत्या. वाटलं आता आभाळ कोसळणार. तर विचारतात काय, "पुलावर किती लांब सरकले?"

"काय?"

"पोरं. तुझ्यापासून किती लांब सरकली? दोन हात? चार?"

जखमेवर मीठ चोळायला बरी सापडते मी. "पाच हात," म्हटलं, "आणि त्यांना जागा मिळाली असती तर नदीत उतरले असते. झालं समाधान?"

जेवले नाही. मक्याच्या पिठाचं पुथू आणि दही थाळीत तसंच ठेवलं. नंतर बघितलं तर थाळीवर झाकण घालून माझ्या चटईशी आणून ठेवलेलं. सिझानं ठेवलं असणार.

२८ एप्रिल, गुरुवार

मासिबियाचा हात मोडला. डोकं फुटलं.

सकाळी तीच आली बोलवायला. "चल गं, शेवटचा दिवस. मी मत दिल्याशिवाय राहायची नाही. आज रांग कमी असेल, तू शेवटी उभी राहिलीस तरी भागेल. तुझ्यासाठी मी भांडेन, तुला बोलायची बंदी आहे, मला थोडीच आहे!"

रीतीप्रमाणे ती पुढे, मी मागे. वीसेक पावलं अंतर. पुलाशी वळण आहे, वेळूमुळे पलीकडचं दिसत नाही. ती वळली आणि तिची किंकाळी ऐकली. मी झगा वर धरून धावले. चौघेजण तिला काठ्यांनी मारत होते. मी ओरडले, बंदी गेली खड्ड्यात, "सोडा तिला!" म्हणून ओरडले. त्यांनी मला बघितलं आणि काठ्या टाकून पळाले. टाकूनच. जीपचा आवाज आला असेल त्यांना.

तिला पाठीवर घेऊन वर आणलं. सुतकातल्या बाईनं कुणाला शिवू नये, पण तेव्हा कुणाला आठवतंय? सासूबाईंनी जखम धुतली, हाताला फळी बांधली. मासिबिया शुद्धीत होती. एवढ्यातही म्हणाली, "माझं मतदार-पत्र भिजलं का बघा गं. त्यावरचा फोटो चांगला आलाय." सगळ्या बायका रडल्या. सासूबाई रडल्या नाहीत. त्या मुलाच्या दफनालाही रडल्या नव्हत्या.

मला बाहेर बोलावलं. "पोरं का पळाली?"

"जीप आली असेल."

"तू बघितलीस जीप?"

"नाही."

"आवाज ऐकलास?"

"नाही बाई. काय फरक पडतो? उशीर झाला, संपलं सगळं. ती पुढे गेली म्हणून मार तिला बसला. मी पुढे असते तर मला बसला असता. तेच बरं झालं असतं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. हात माझ्या गालापर्यंत आला आणि खाली गेला. मग काठी घेतली आणि ऐन दुपारी, बहात्तर वर्षांची बाई, रक्तदाबाची, टेकडी उतरून घरोघर फिरायला निघाली. सिझाला विचारलं, आजी कुठे गेली? तिलाही ठाऊक नाही.

आत्ता रेडिओवर सांगितलं, गोंधळ झाला म्हणून आमच्या भागात उद्याचा एक दिवस वाढवून दिलाय. ऐकून आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. पूल काही वाढवून दिलेला नाही.

३० एप्रिल, शनिवार

काल लिहिता आलं नाही. आज सगळं लिहिते, एकही गोष्ट सोडत नाही.

काल सकाळी बाहेर गलका ऐकून उठले. अंगणाबाहेर साठ-पासष्ट माणसं. बायका, म्हातारे, गाडीतून परत आलेले नऊजण, पडक्या दातांचा चालक, आणि फळी बांधलेली मासिबिया. सासूबाई सगळ्यांपुढे, अंगावर चर्चचा पांढरा झगा.

"माखोझा, पुढे हो," त्या म्हणाल्या.

"मी मागून येते, मा."

"मागून नाही. सगळ्यांच्या पुढे. तू पुढे, मी तुझ्यामागे, माझ्यामागे हे सगळे."

मला काही उमगेना. एक म्हातारा सासूबाईंना पुटपुटला, "माझुंगू, हे रीतीला धरून नाही." सासूबाईंनी काठी आपटली. "रीत मला शिकवतोस? तुझ्या लग्नाची रीत मी केलीय. त्या पोरांनी अंगाला लढाईचं औषध फासलंय. सुतकातली बाई समोर आली, तिची सावली पडली, की औषधाची माती होते. त्यानंतर पहिल्या झटापटीत मरायचं. त्यांच्या वैद्यानं सांगितलंय त्यांना, आणि ती पोरं आईपेक्षा वैद्याचं जास्त ऐकतात. दोन आठवड्यांत दोनदा ही एकटीच पूल ओलांडून आली. दिसत नाही का तुम्हाला?"

मला दिसलं नव्हतं. मी तर त्याला थुंकणं म्हणत होते.

चालले. मागे साठ माणसांच्या पावलांचा आवाज आणि पुढे मोकळा रस्ता. जन्मात कधी एवढी भ्यायले नव्हते. सिझाला मासिबियाच्या सासूकडे ठेवलं होतं. परत आले नाही तर तिची वही कोण आणून देईल, असले विचार. औषधाची भीती पोरांना आहे हे ठीक, पण बंदुकीच्या गोळीला रीतभात कुठे असते?

वळण आलं. पुलावर दहा-बाराजण. काठ्या, दोघांकडे घरी ठोकलेल्या बंदुका. माझ्यामागची माणसं थांबली, पावलांचा आवाज बंद झाला. फक्त सासूबाईंची काठी टकटक करत राहिली. "थांबू नकोस," त्या माझ्या पाठीशी म्हणाल्या. "शाल पसर."

मी दोन्ही हातांनी शाल पसरली. सूर्य पाठीमागे होता. माझी सावली माझ्यापुढे लांबच लांब पुलावर पडली, आणि ती पोरं तिच्याकडे बघत मागे सरायला लागली. माझ्याकडे नाही, सावलीकडे. पाऊल पाऊल. एकजण कठड्यावरून वेळूत उतरला. दुसरा त्याच्यामागे. मग चार-पाच एकदम.

म्पियाखे मात्र मधोमध उभा राहिला. बंदूक माझ्यावर.

"म्हातारे, सुनेला मागे घे," तो म्हणाला. आवाज फुटला होता. "मी वाईट माणूस नाही. मागे घे तिला."

"हिला काळं कुणी नेसवलं, म्पियाखे?" सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "ज्यानं नेसवलं त्यानं तोंड तरी वर करावं. माझ्या चुलीपाशी बसून जेवलायस तू. बघ हिच्याकडे."

म्हातारी काहीतरीच बोलते. कुणी मारलं ते पोलिसांनासुद्धा ठाऊक नाही, तर ह्याला कुठून असणार? पण तो बघेना. बंदूक माझ्यावर आणि डोळे माझ्या पायांवर. मी चालतच होते, कारण थांबले असते तर पडले असते. पाच हात. तीन. त्याच्या कपाळावरचा घाम दिसला. माझ्या सावलीनं त्याचे बूट झाकले, मग गुडघे. तो ओरडला, शब्द नव्हता, नुसताच आवाज, आणि बंदूक खाली करून कठड्याशी बसला. डोकं गुडघ्यात घातलं. मी त्याच्या शेजारून गेले तेव्हा शालीची कड त्याच्या खांद्याला घासली. मी मुद्दाम केलं नाही. केलं असतं तरी हरकत नव्हती.

सासूबाई त्याच्यापाशी क्षणभर थांबल्या. काय बोलल्या ऐकू आलं नाही. मग टकटक सुरू झाली आणि मागे अख्खी टेकडी पुलावर आली.

शाळेपाशी रांग छोटीच होती, शंभरभर माणसं. मी सवयीनं शेवटी गेले, आणि बाजूला झाले, आमच्या लोकांना पुढे जाऊ द्यायला. कुणी पुढे जाईना. मी आणखी सरकले. तेही सरकले. मासिबिया म्हणाली, "अगं बाई, असंच चाललं तर आपण सगळे मिळून परत पुलावर पोचू. उभी राहा!" सगळे हसले. मीही हसले, तोंड न झाकता. सासूबाई माझ्यामागे उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हिच्यामागे मी आहे. हिच्या सावलीनं माझं काय व्हायचं राहिलंय?" त्यानंतर कुणी काही विचारलं नाही.

दोन वाजता आत गेले. आधी मत दिलंय का ते बघायला हात दिव्याखाली धरला, मग बोटांना न दिसणारी शाई लावली. दोन लांबलचक कागद दिले, एक देशाचा, एक प्रांताचा. पुठ्ठ्याच्या आडोशात उभी राहिले, आणि एवढ्या वर्षांचं भांडण एका फुलीत मावणार कसं, असं वाटलं. पेन्सिल इतकी दाबली की कागद फाटतो की काय. दोन्ही घड्या पेटीत टाकल्या आणि पेटीपाशीच उभी राहिले, सासूबाईंसाठी.

टेबलाशी शहरातली चष्मेवाली मुलगी होती. सासूबाईंनी तिच्यासमोर आपलं मतदार-पत्र ठेवलं. मग छातीशी हात घालून रुमालात बांधलेलं आणखी एक पत्र काढलं आणि त्याच्याशेजारी ठेवलं.

"हे कुणाचं, मा?" मुलीनं विचारलं.

"माझ्या मुलाचं."

"ते आलेत का? त्यांना स्वतः यावं लागेल."

मला वाटलं होतं ते पत्र पोलिसांकडे आहे. मी हळूच म्हणाले, "फेब्रुवारीत गेले ते."

मुलीनं फोटो बघितला. मग माझ्या काळ्या झग्याकडे बघितलं. चष्मा काढला, पुन्हा घातला. "मा, यांचं मत नाही देता येणार. मला फार वाईट वाटतं, पण नियम…"

"ठाऊक आहे गं मला. मी काय वेडी आहे?" सासूबाई म्हणाल्या. तोंडावर पाणी वाहत होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही. "कागद माझेच दे. दुसरं काही नको. त्याला फक्त माझ्याबरोबर आत येऊ दे."

मुलीनं ते पत्र उचललं आणि दोन्ही हातांनी परत दिलं.

सासूबाई पुठ्ठ्याच्या आडोशात गेल्या. बराच वेळ लागला. आतून कुजबुज ऐकू येत होती, आधी कुणाला विचारल्यासारखी, मग सांगितल्यासारखी. मागे आमची अख्खी टेकडी उभी होती. 'आटपा' असं कुणी म्हणालं नाही.